अकरा फिकट पिल्लं

दोन लाकडी खोकी टेबलावर आणून ठेवली तेव्हा ती चहा पीत होती. खोक्यांना पुढून जाळी होती आणि जाळीमागे मातकट रंगाची एवढीएवढीशी पाखरं एकमेकांना चिकटून बसली होती. एक हललं की सगळी हलत. तिनं कप बाजूला सारला आणि बोटानं मोजली. एकेचाळीस. सगळी मुनियांची पिल्लं, घरट्यातून बाहेर पडून फार तर महिना-सव्वा महिना झालेली.

ऑफिसात तिला सगळे पक्षीबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटापुरतं. जप्त केलेला पक्षी कुठल्या जातीचा हे सांगायचं, हे तिचं काम, आणि गेली एकोणीस वर्षं ती ते करत होती. पाळायला परवानगी असलेला पक्षी निघाला तर मालकाला परत, बंदी असलेला निघाला तर खटला. तिच्या एका ओळीवर माणसं घरी जात किंवा कोर्टात जात. त्या ओळीला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं आणि त्याचा तिला मनातून तोरा होता. दाखवत नसे, पण होता.

सोबतचा कागद तिनं उचलला. 'कुणाकडून जप्त' या रकान्यातलं नाव वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नाव तिच्या मामांचं होतं.

वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. आई तिला घेऊन भावाकडे आली ती चांगली सात वर्षं राहिली. मामांचं पक्ष्यांच्या खाद्याचं दुकान होतं आणि घरामागे मोठ्या माणसाला उभ्यानं फिरता येईल असं जाळीघर. त्यात मामा मुनियांची पैदास करत. लांबलांबचे शौकीन त्यांच्याकडून जोड्या नेत. शाळेतून आल्यावर जाळीघरातली पाण्याची भांडी धुणं हे तिचं काम, मामींनी नेमून दिलेलं. मामी वाईट नव्हत्या. पण पाहुण्यांसमोर "आमच्याकडेच असतात त्या दोघी" हे त्या ज्या सुरात म्हणत, तो सूर तिच्या कानातून कधी गेला नाही.

मामा मात्र तिला पाखरं शिकवत. काळ्या डोक्याच्या मुनिया दोन जातींच्या. दोघींचं डोकं कोळशासारखं, दोघींची चोच जाड आणि निळसर, दोघींची पाठ तांबूस. फरक पोटात. एकीचं पोट पाठीसारखंच तांबूस, दुसरीचं पांढरं आणि मधोमध काळा पट्टा. बाजारात एकीला तांबूसपोटी म्हणत, दुसरीला पांढरपोटी. तेव्हा मामांकडे दोन्ही होत्या. पुढे पांढरपोटी रानातून इतकी पकडली गेली की सरकारनं तिच्यावर पूर्ण बंदी घातली. बंदी आली त्याच आठवड्यात मामांनी आपल्या सगळ्या पांढरपोटी स्वतः नेऊन जमा केल्या आणि फक्त तांबूसपोटीचा परवाना काढला.

"मोठी झालेली कुणीही ओळखेल," मामा म्हणत. "आता हे बघ." मग मुठीत एक पिल्लू धरून तिच्यासमोर आणत. नुसतं मातकट. काळं डोकं नाही, पोटावर खूण नाही, चोचही अजून रंगलेली नाही. "कोण आहे?"

ती अंदाज बांधे. कधी बरोबर येई, कधी चुके.

"बरोबर आलं तरी तो अंदाजच," मामा एकदा म्हणाले. "पिल्लाची जात त्याच्या आईबापावरून सांगायची. आईबाप ठाऊक नसतील तर पिसं बदलेपर्यंत गप्प बसायचं. तीन-चार महिने. त्याआधी जो छातीठोकपणे सांगतो तो थापाड्या समज, चिमे."

जप्तीच्या कागदाला जोडलेली मामांविरुद्धची तक्रार निनावी होती. हा इसम रानातून पांढरपोटीची पिल्लं पकडून आणतो, आपल्या पिल्लांत मिसळतो आणि पिल्लं दिसायला सारखी असल्यानं आजवर सापडलेला नाही, असं त्यात लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला धंद्यातली माहिती चांगली होती.

कागद घेऊन ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब चार महिन्यांपूर्वी बदलून आले होते.

"साहेब, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. हे माझे सख्खे मामा आहेत."

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आपल्याकडे दुसरं कोण आहे?"

"कुणी नाही. पण बाहेरून कुणी मागवता येईल."

"त्यात दीड महिना जाईल. आणि बाई, मी म्हणतो, उलट बरंय. तुम्ही स्वच्छ आहात हे सगळ्यांना माहीत आहे." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "अर्थात, सोडून दिलंत तर लोक काय म्हणतील ते मी सांगायला नको."

वाक्य त्यांनी जाता जाता टाकलं होतं. तिच्या डोक्यात ते मुक्कामालाच आलं.

दोन दिवस ती पिल्लं तपासत होती. एकेकाला हातात धरायचं, चोच मोजायची, पंख पसरून बघायचा, पोट दिव्याखाली धरायचं. तीस पिल्लांचं पोट गडद होतं. अकरांचं फिकट, जवळजवळ साईच्या रंगाचं. पांढरपोटीची पिल्लं पोटाकडे फिकट असतात हे खरं. पण तांबूसपोटीचीही असू शकतात, हेही खरं. तीन-तीनदा बघून ती तिथेच येऊन थांबत होती.

दुसऱ्या दिवशी मामा जबाबासाठी आले. जिन्याच्या वळणावर दोघं समोरासमोर आली. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, काखेत परवान्याची जुनी फाइल होती. तिला बघून त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"तूच आहेस होय तपासायला? मग मी उगाच घाबरलो."

तिनं आजूबाजूला पाहिलं. खालच्या पायरीवर दोन शिपाई उभे होते.

"मामा, इथे नातं नको."

"नातं कुठे काढतोय मी? एवढंच लिही की तीन महिने थांबा. पिल्लं तुमच्याकडेच ठेवा, मी मागत नाही. पिसं येऊ देत, मग बघा."

"अकरा फिकट आहेत."

"ती खिडकीकडच्या पिंजऱ्यातली. दिवसभर ऊन असतं तिथे, पिसं विटतात. तुला ठाऊक आहे ते."

"काय लिहायचं ते मी बघेन," ती म्हणाली. आवाज चढला होता, शिपायांना ऐकू जाईल इतका. आपण तो मुद्दाम चढवला, हे तिला बोलतानाच कळलं.

 मामांनी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली आणि ते वर गेले.

तिनं आधी खरं तेच लिहिलं होतं. 'पिल्लांवरून जात निश्चित सांगता येत नाही. पिसं बदलेपर्यंत थांबावं.' साहेबांनी कागद परत पाठवला. समासात शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, 'निश्चित मत द्या.' याआधीही दोनदा तिनं असं थांबायला सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा ऑफिस थांबलं होतं. पण तेव्हा पिंजऱ्यांचे मालक परके होते. आता 'थांबा' म्हणणं म्हणजे मामाला वाचवणं, असं सगळे म्हणणार. शिपाई म्हणणार, साहेब तर म्हणालेच होते. आणि का कोण जाणे, त्याच वेळी तिला मामींचा तो सूर आठवला. आमच्याकडेच असतात त्या दोघी. त्या घराचं देणं आपण आज ऑफिसच्या कागदावर फेडतोय असं कुणाला वाटता कामा नये.

तिनं नवा कागद घेतला आणि लिहिलं, 'एकेचाळीसपैकी अकरा पिल्लं पांढरपोटी जातीची आहेत.' सही केली. सही करताना तिला हलकं वाटलं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या हलकं वाटण्याची.

मग सगळं भराभर झालं. मामांना दंड झाला, परवाना रद्द झाला. जाळीघरातल्या दीडेकशे मोठ्या मुनिया आणि उरलेली तीस पिल्लं टेम्पोत घालून एका केंद्रावर नेली. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एवढी पाखरं कोंबल्यावर व्हायचं तेच झालं, महिन्याभरात निम्म्याहून जास्त मेली. पेपरात चार ओळींची बातमी आली, नावासकट. त्यानंतर दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. मामांनी दुकान बंद केलं आणि एका गाड्यांच्या तळावर फाटकापाशी चिठ्ठ्या फाडायची नोकरी धरली. वय वर्षं अडुसष्ट.

खात्याच्या पत्रकात तिचं कौतुक छापून आलं. 'जवळच्या नातेवाइकाचीही गय न करणाऱ्या' असं त्यात होतं. कुणीतरी ते नोटीस बोर्डावर लावलं.

आई तिच्याजवळच राहत होती. बातमी वाचून आईनं पेपर घडी करून ठेवला.

"तो खोटं बोलणारा नाही," आई म्हणाली.

"आई, अकरा पिल्लं वेगळी आहेत. मी दोन दिवस तपासलीत."

"तू नीट बघितलंस ना?"

"हो."

आईनं मग तिच्यावर विश्वास ठेवला. संध्याकाळी भावाला फोन करून म्हणाली, "पोरीनं नीट बघितलंय रे. झालं असेल हातून, तर कबूल करून टाक. शिक्षा कमी होते म्हणतात." पलीकडून फोन ठेवला गेला. त्यानंतर त्या घरून फोन आला नाही आणि इथून केला तर कुणी उचलेना.

पुरावा म्हणून ती अकरा पिल्लं ऑफिसच्या मागच्या खोलीतच होती. त्यांना दाणापाणी तीच करी. एक पिल्लू दुसऱ्या महिन्यात मेलं. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला एकाच्या चोचीच्या मुळाशी काळे ठिपके दिसू लागले, शाई सांडल्यासारखे. आठ दिवसांत सगळं डोकं काळं झालं. मग छाती. मग पोट भरत आलं, आणि ते तांबूस होतं.

एखादं असायचं, तिनं स्वतःला सांगितलं. मोजताना इकडचं तिकडे झालं असेल. पण रोज सकाळी खोलीचं दार उघडलं की ती आधी पाखरांची पोटंच बघे. दुसरं तांबूस. तिसरं तांबूस. एका पाखराच्या कुशीत दोन फिकट पिसं राहिली होती. तिनं त्या दोन पिसांवर आठवडाभर आशा धरली. मग तीही गळाली. महिनाअखेर दहाच्या दहा मुनिया दांडीवर ओळीनं बसल्या होत्या, काळी डोकी, तांबूस पोटं. शाळेतल्या पोरानंही ओळखल्या असत्या.

साहेबांना तिनं खोलीतच आणून दाखवलं. साहेब जाळीशी वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"सुरेख आहेत," ते म्हणाले.

"साहेब, माझा अहवाल चुकला. मामांनी काही केलेलं नव्हतं."

"फाइल बंद झाली, बाई. अपिलाची मुदत साठ दिवस असते. ती तर केव्हाच गेली."

"मी लेखी देते."

"द्या. मी वर पाठवतो." ते सरळ उभे राहिले. "आणि बरं झालं आठवलं. या सोडायच्या आहेत पुढच्या आठवड्यात. पांढरपोटी जप्त झाली की रानात सोडायची, असा नियम आहे. वरून फोटो मागितलेत."

"पण या पांढरपोटी नाहीत. समोर दिसताहेत तुम्हाला."

"कागदावर आहेत ना," साहेब म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते खरंच समजावून सांगत होते.

तिनं दिलेलं पत्र वर गेलं. चार दिवसांनी खाली आलं. त्यावर 'नोंद घेतली' असा शिक्का होता.

आईला तिनं जेवताना सांगितलं. आईचा हात ताटातच राहिला.

"मी त्याला कबूल कर म्हणाले," आई म्हणाली. बराच वेळ ती तेवढंच म्हणत होती. मग उठली आणि हात न धुताच आत जाऊन पडली.

रविवारी दुपारी ती मामांकडे गेली. दार मामींनी उघडलं. ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत, बाजूला झाल्या. मागच्या खिडकीतून जाळीघराचा नुसता लोखंडी सांगाडा दिसत होता. त्याला दोऱ्या बांधून मामींनी कपडे वाळत घातले होते. मामा घड्याळाचा पट्टा दुरुस्त करत बसले होते.

"मामा, दहाच्या दहा तांबूसपोटी निघाल्या."

"निघणारच होत्या."

"मी चुकले."

"बसा," मामा म्हणाले.

आपल्यामागे आणखी कुणी आलंय की काय, असं वाटून तिनं वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. उभ्या आयुष्यात मामांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

ती बसली नाही. "तुम्ही एक अर्ज द्या. मुदत संपली असली तरी मी साक्ष देईन. मी लिहून देते की..."

"तुम्ही लिहून देणार," मामा म्हणाले. "परत."

पट्ट्याची खिट्टी त्यांनी भोकात बसवायचा प्रयत्न केला. ती निसटून खाली पडली. त्यांनी ती शोधून उचलली.

"चुकलात याचा मला राग नाही. माझ्याही चुका झाल्यात. पण आपल्याला ठाऊक नाही, हे तुम्हाला त्या वेळी ठाऊक होतं. ते पोटात ठेवून सही केलीत."

"आणि हिची आई फोनवर सांगते, कबूल करून टाक," मामी भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पाठची बहीण."

"ते आता नको," मामा म्हणाले.

"त्या दहा रानात सोडणार आहेत," ती म्हणाली. "म्हणून म्हणते, अर्ज आला तर थांबवता येईल."

आता पहिल्यांदाच त्यांचे हात थांबले. "रानात? पिंजऱ्यात जन्मलेली पाखरं? भांड्यात दाणा असतो, यापलीकडे त्यांना जग माहीत नाही. दोन दिवस टिकायची नाहीत."

"मग द्या अर्ज."

मामांनी पट्टा खाली ठेवला. ती वाट बघत राहिली.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "माझं नाव तुमच्या ऑफिसच्या दारातून पुन्हा आत जायला नको. पाखरांचं काय व्हायचं ते होईल."

हे बोलताना त्यांचा चेहरा असा झाला की मामी उठून त्यांच्याजवळ गेल्या. ती निघाली तेव्हा तिला पोचवायला दारापर्यंत कुणी आलं नाही.

पाखरं सोडली ती गावाबाहेरच्या तळ्यावर, सकाळी दहाला. साहेब, फोटोवाला आणि दोन शिपाई. खोक्याचं दार उघडलं तर एकही बाहेर येईना. फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळला. शेवटी एका शिपायानं खोकं तिरकं करून मागून थोपटलं आणि दहाही भुर्रकन उडाली. फोटो झाला. सात पाणगवतात शिरली. तीन वळून आली आणि खोक्याच्या टपावर बसली. "हुसका त्यांना," साहेब म्हणाले, पण त्यांचं लक्ष गाडीकडे होतं. मी मागून बसनं येते, असं तिनं सांगितलं.

गाडी गेल्यावर तिनं खोक्यात दाणे टाकले. तिन्ही मुनिया मुकाट आत शिरल्या. उरलेल्या सातांसाठी ती दुपारपर्यंत बसून राहिली. सुरुवातीला गवतातून त्यांच्या हाका येत होत्या. मधेच एक ससाणा गवतावर झेपावून वर गेला. त्याच्या पायांत काही होतं की नव्हतं, हे तिला एवढ्या लांबून सांगता आलं नाही. त्यानंतर हाका आल्या नाहीत.

तीन मुनिया तिनं घरी आणल्या. परवान्याशिवाय घरात पाखरू ठेवणं हा गुन्हा होता, आणि त्याची नोटीस तिनं स्वतःच कित्येकांच्या हातात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी साहेबांना तिनं लेखी कळवलं की तीन पक्षी मी परत आणलेत, माझ्यावर काय ती कारवाई करा. साहेबांनी कागद वाचला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "तुमच्यावर कारवाई केली तर त्या अहवालाचं काय होईल, बाई? जा, कामाला लागा." शिक्षासुद्धा तिला मिळेना.

महिन्याभरानं एका रविवारी ती बाजारातून आली तर खिडकीतला पिंजरा जागेवर नव्हता. आई चार वाजता परतली, रिकाम्या हातानं.

"भावाकडे ठेवून आले," आई म्हणाली.

"त्यांनी घेतल्या?"

"मी सांगितलं, विकत घेतल्या. तू दिल्यास म्हटलं असतं तर घेतल्या नसत्या."

"त्यांनी ओळखल्या असतील."

"असतील. विचारलं नाही त्यानं काही. माझ्याशीही बोलला नाही. पिंजरा तेवढा खिडकीतून आत घेतला, ऊन लागतं म्हणाला."

त्यांच्याकडे परवाना नाही आणि ते सापडले तर या वेळी तुरुंगच आहे, हे ती आईला सांगणार होती. आईच्या चेहऱ्याकडे बघून तिनं ते गिळलं.

यादी आली ती दोन महिन्यांनी. ज्यांचे परवाने रद्द झालेत त्यांच्या घरांची फेरतपासणी. यादीत मामांचं नाव तिसरं होतं. जायचं तिनं आणि एका शिपायानं. साहेबांना सांगून ते टाळता आलं नसतं, आणि टळलं असतं तर दुसरं कुणी गेलं असतं. म्हणून ती गेली. शिपायाला तिनं रस्त्यावर गाडीपाशीच उभं केलं.

दार मामांनी उघडलं. तिच्या हातातला फॉर्म त्यांनी पाहिला आणि मुकाट बाजूला झाले. आतल्या खोलीत मामी घाईघाईनं पिंजऱ्यावर चादर टाकत होत्या. चादर एका बाजूनं घसरली होती. तिथून तिन्ही काळी डोकी दिसत होती.

"राहू दे," मामा मामींना म्हणाले. "झाकू नकोस. यांना बघू दे."

ती खुर्चीच्या कडेवर बसली, फॉर्म गुडघ्यावर घेतला. तारीख. पत्ता. 'पक्षी आढळले काय?' या रकान्यात तिनं 'नाही' असं लिहिलं. सही केली आणि घरमालकाच्या सहीसाठी फॉर्म मामांपुढे धरला.

मामांनी चष्मा लावून तो वाचला. पिंजऱ्यात एक मुनिया भांड्याच्या काठावर उतरली, दोन दाणे फोडून पुन्हा दांडीवर गेली. फोलपटं खाली पसरली.

"मागच्या खेपेला नव्हतं ते लिहिलंत," मामा म्हणाले. "या खेपेला आहे ते लिहिलं नाहीत."

"मामा, सही करा. बाहेर माणूस उभा आहे."

"तुम्ही माझ्यावर उपकार करताय, असं वाटतंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग कशासाठी करताय हे?"

तिनं पेन पुढे केलं. मामांनी पेन घेतलं. पिंजऱ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली, जपून, एकेक अक्षर काढत, सही येत नसलेल्या माणसासारखी. फॉर्म तिच्या हातात न देता टेबलावर ठेवला.

"नेऊन टाका, मॅडम."

ती बाहेर आली. मामींनी मागून दाराची कडी लावली, आणि लगेच वरची खिट्टीही.

शिपाई गाडीला टेकून उभा होता. "काही सापडलं का, बाई?"

"नाही."

"मला वाटलं, आतून आवाज आला पाखरांचा."

"पुढचा पत्ता बघ कुठला आहे," ती म्हणाली आणि गाडीत बसली.